सात दशांश सेकंदांतले सल्ले

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मुलाला गणित, तबला आणि पोहणे शिकवण्याची चोख व्यवस्था असते. बेसबॉलचा चेंडू कसा फटकवावा हे मात्र कोणालाच ठाऊक नसते, आणि तरीही आमच्या घरात तो विषय एकाच वेळी तीन माणसे शिकवीत असतात. विद्यार्थी एकच आहे. तो दहा वर्षांचा आहे, उजव्या हाताने खेळतो, आणि या हंगामात त्याच्या बॅटीने जे काही फटकावले ते प्रामुख्याने हवाच होते.

लिट्ल लीग ही संस्था 1939 साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी सुरू केली ती मुलांना खेळता यावे म्हणून. त्यांच्या पालकांनी दर शनिवारी घडीच्या खुर्च्या टाकून रणरणत्या उन्हात बसावे, तोंडाने 'इट्स ओके, बडी' असे म्हणावे आणि आतल्या आत करपत राहावे, असा काही त्यांचा हेतू नसावा. पण आमच्या गावात सध्या ही संस्था मुख्यतः याच कामासाठी चालते.

मुळात हा खेळ फलंदाजाच्या वाइटावरच टपलेला आहे. क्रिकेटची बॅट सव्वाचार इंच रुंद आणि सपाट असू शकते. इथे मुलांच्या हाती जो दंडुका येतो तो गोल आणि जाडीला फार तर दोन इंच पाच अष्टमांश. गोल वस्तूने गोल वस्तूच्या मध्यावर आघात करायचा, तोही टप्पा न पडता अंगावर येणाऱ्या चेंडूवर. मैदानाचा पुढचा पाव भाग सोडला तर बाकी सगळीकडे मारलेला चेंडू 'फाऊल' ठरतो आणि त्याबद्दल कौतुक होण्याऐवजी पहिल्या दोन वेळा एकेक स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या नावावरची चूक, माथी बसतो; असे तीन झाले की बाद. लेट कट, लेग ग्लान्स, पॅडल स्वीप या आमच्या संस्कृतीतल्या नाजूक कला इथे गुन्ह्यात जमा आहेत. लहान मुलांच्या मैदानावर पिचर 46 फुटांवरून चेंडू टाकतो. ताशी 45 मैलांचा बेताचा वेग धरला तरी तो सुमारे सात दशांश सेकंदात पोहोचतो. एवढ्या अवधीत चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे, आणि शिवाय तिघांचे सल्लेही आठवायचे.

सल्ल्यांपैकी पहिला वाटा प्रशिक्षकांचा. हे संघातल्याच दुसऱ्या एका मुलाचे वडील. एरवी नळदुरुस्तीची कामे करतात, आणि दोन्ही कामांत त्यांचा आवाज सारखाच टिपेचा असतो असे ऐकिवात आहे. 'बॅक एल्बो अप' हे त्यांचे ब्रीदवाक्य. दुसरा वाटा माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा. सहा महिन्यांच्या व्हिसावर ते साताऱ्याहून आले आहेत, आणि तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना कांगा लीगच्या चिखलात त्यांनी तीन-चार पावसाळे काढलेले आहेत. त्यांचेही ब्रीदवाक्य 'कोपर वर' असेच असल्यामुळे पहिल्या आठवड्यात मला फार बरे वाटले; दोन खंडांचे शास्त्र शेवटी एकाच कोपराशी येऊन मिळाले, असा माझा समज झाला. पुढे लक्षात आले की प्रशिक्षकांना उजवे कोपर वर हवे आहे आणि आप्पांना डावे. चिरंजीव आज्ञाधारक असल्याने त्याने दोन्ही वर केली, आणि प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजापुढच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीपाशी, तो पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यासारखा दिसू लागला.

तिसरा वाटा त्याच्या आईचा आहे. ती प्रत्येक फेरीचे फोनवर मंदगती चित्रण करते आणि रात्री जेवणाच्या ताटाशेजारी ते दाखवते. 'बघ, कंबर आधी वळायला हवी, हात नंतर,' हे तिचे म्हणणे अगदी रास्त आहे. सगळे जाणकार तेच सांगतात, कारण फटक्याचा जोर पायांतून आणि कमरेतून वर चढत हातांपर्यंत यावा लागतो. अडचण एवढीच की चित्रणात चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन विसावल्यावर आमची कंबर वळायला लागलेली दिसते. मोठ्या लीगच्या सर्व मैदानांवर 2015 पासून प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन यंत्राने मोजला जातो, हे चिरंजीवाला मित्रांकडून कळले आहे. त्यामुळे परवा तो घास गिळत गंभीरपणे म्हणाला, 'बाबा, माझा लाँच अँगल चुकतोय.' चेंडूला बॅटच न लागता कोन कसा चुकतो, हे मी विचारले नाही.

माझे स्वतःचे योगदान आर्थिक स्वरूपाचे आहे. बॅटीच्या दुकानातील तरुणाने मला 'ड्रॉप टेन' समजावून सांगितले: लांबीच्या इंचांतून वजनाचे औंस वजा करायचे, म्हणजे 28 इंची बॅट 18 औंसांची असली की ती ड्रॉप टेन. 2018 पासून लिट्ल लीगमध्ये अशा बॅटीवर 'यूएसए बेसबॉल'चा शिक्का लागतो, नाहीतर पंच ती बाजूला ठेवायला लावतात. हे सगळे ऐकून मी किंमत विचारली आणि काही क्षण माझाही लाँच अँगल बिघडला. त्या रकमेत साताऱ्यात अख्ख्या आळीचा संघ स्टंपांसकट उभा राहिला असता. बॅट घेतली. तिच्यातून चेंडू हुकण्याचा आवाज आधीच्या बॅटीपेक्षा निश्चितच मधुर येतो.

रविवारी सकाळी आम्ही बॅटिंग केजमध्ये जातो. जाळीच्या त्या पिंजऱ्यात नाणे टाकले की यंत्र पिवळे, खळग्याखळग्यांचे रबरी चेंडू फेकू लागते. यंत्राला दया नसते, पण त्याला सल्ला देण्याचीही हौस नसते, आणि बहुधा म्हणूनच चिरंजीव तिथे बरा खेळतो. चेंडू बॅटीच्या मुठीजवळ लागला की दोन्ही तळहातांना अशा झिणझिण्या येतात की तो बॅट खाली टाकून बोटे काखेत दाबून धरतो, तोवर पुढचा चेंडू शेजारून निघून जातो, आणि जाळीबाहेरून आप्पा ओरडतात, 'सोडलास तो चांगलाच सोडलास!'

सोडण्याचे कौतुक ही इथली खरी गोम आहे. बाहेरचा चेंडू सोडला की सगळी गॅलरी 'गुड आय!' म्हणून आरडते. दहा वर्षांच्या पिचरांना प्लेट सापडतेच असे नाही. चार चेंडू बाहेर पडले की फलंदाज बसल्या जागी नव्हे, उभ्या जागी पहिल्या तळावर, म्हणजे फर्स्ट बेसवर, जातो. चिरंजीवाने या परिस्थितीचा थंड डोक्याने अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की बॅट फिरवली तर लोक हळहळतात, न फिरवली तर टाळ्या पडतात. मग त्याने बॅट फिरवणेच बंद केले. मला तरी या तर्कात खोट दिसेना. प्रशिक्षकांना दिसली, आणि पुढचे दोन आठवडे 'स्विंग, बडी, स्विंग!' हा घोष पंचक्रोशीत घुमत राहिला.

धीर द्यावा म्हणून एका रात्री मी घरात आकडे मांडले. इथे दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज थोर गणला जातो. बोस्टनच्या टेड विल्यम्सने 1941 च्या हंगामात 0.406 ची सरासरी गाठली, आणि अमेरिकन वा नॅशनल या मोठ्या लीगच्या दोन्ही शाखांमध्ये त्यानंतर पूर्ण हंगामात कोणालाही 0.400 गाठता आलेले नाही. चिरंजीवाचा चेहरा उजळला. आप्पांचा मात्र पडला. 'ब्रॅडमनची सरासरी 99.94,' ते सावकाश म्हणाले, 'आणि तुमच्याकडे दहातून सातदा बाद होणाऱ्याला कोट्यवधी देतात?' ब्रॅडमन 1932 च्या दौऱ्यात न्यूयॉर्कला येऊन बेसबॉलचा महान फलंदाज बेब रूथ याला भेटले होते, असे सांगून मी तह घडवू पाहिला. 'मग सुधारला का तो रूथ?' आप्पांनी विचारले.

हंगामाचा शेवटचा सामना. चिरंजीवावर दोन स्ट्राइक झाले होते; पैकी दुसरा एका देखण्या लेट कटमुळे, ज्यावर आप्पांनी खुर्चीवरून उठून पंचांना चौकाराची खूण करून दाखवली होती. पुढचा चेंडू नेमका प्लेटवर आला. डावा पाय पुढे, डावे कोपर वर, बॅट सरळ: माझ्या पोराने शांतपणे, शास्त्रोक्त बचावात्मक फटका खेळला. चेंडू बॅटीवरून सरळ गवतावर गळून पडला आणि दोन हातांवर निपचित झाला. दोन स्ट्राइक असताना चेंडू असा थोपवण्याचा धोका इथे शहाणा माणूस पत्करत नाही, कारण तो फाऊल गेला तर फलंदाज थेट बाद होतो. त्यामुळे पिचरने कॅचरकडे पाहिले, कॅचरने पिचरकडे पाहिले, आणि आप्पा एकटेच 'वा!' म्हणाले. चिरंजीवही तो फटका मनाजोगता न्याहाळत उभा होता. मग डगआउटमधून तोंडातली सूर्यफुलाची टरफले उडवीत सगळा संघ किंचाळला, 'रन!'

तो धावला. बॅट टाकून धावायचे असते हे त्याला शंभरदा सांगितलेले आहे, पण त्या क्षणी घराणे जागे झाले. हाती बॅट घेऊन तो पहिल्या तळापर्यंत गेला, शेवटच्या तीन पावलांत वाकला आणि बॅटीचे टोक त्या पांढऱ्या चौकोनी गादीवर टेकवून उभा राहिला. पंचांनी बॅटीकडे पाहिले, मग गादीच्या कडेला टेकलेल्या बुटाकडे पाहिले, आणि हात आडवे पसरून 'सेफ' म्हटले. वही सांभाळणाऱ्या बाईंनी थोडा विचार करून हिट लिहिली. पुढचा मुलगा तीन चेंडूंत बाद झाला, डाव संपला, संघ हरला.

आप्पांनी रात्री साताऱ्याच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले: 'नातू नाबाद 0.' लगोलग धाकट्या काकांचे उत्तर आले: 'किती चेंडूंत?'