सर्पगंधा बीपीवर चालते, म्हणूनच ती मनाने घेऊ नका

काल आईने मेसेज पाठवला, तुमच्याकडेही आला असेल. "सर्पगंधाच्या मुळाचं चूर्ण रोज चमचाभर घ्या, चार दिवसात बीपी नॉर्मल, गोळी कायमची बंद, साइड इफेक्ट शून्य, कंपन्यांनी हे दडपून ठेवलंय." आईला स्वतःला बीपी आहे म्हणून नीट बसून लिहितोय.

दडपलं कुठे? 1931 ला कलकत्त्यात सेन आणि बोस या डॉक्टरांनी हे छापून सांगितलं होतं, 1949 ला मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 50 पेशंटवर वापरून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, आणि मग 1952 मध्ये सिबा या स्विस कंपनीच्याच लोकांनी मुळातून रेसर्पिन हे त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढलं, त्याची गोळी जगभर विकली गेली. म्हणजे ही वनस्पती काम करते, यात वाद नाहीच.

पण साइड इफेक्ट शून्य? हे वाचून खरंच राग आला. रेसर्पिन नसांच्या टोकांशी साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन (रक्तवाहिन्या आवळायला लावणारं रसायन) रिकामं करतं म्हणून रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं, पण तेच मेंदूतही होतं, तिथे डोपामिन आणि सेरोटोनिन ही मूड सांभाळणारी रसायनंही घटतात. बिहारकडे हिला 'पागल की दवा' म्हणायचे ते उगाच नाही. नाक चोंदतं, सुस्ती येते, नाडी मंदावते, डोस जास्त झाला तर माणूस उदास होतो. आधीच डिप्रेशन किंवा पोटात अल्सर असेल तर हे देत नाहीत.

आणि चमचाभर म्हणजे किती? मुळाच्या गोळ्या वापरात होत्या तेव्हा दिवसाला साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम देत, चमच्यात सहज दोन-तीन ग्रॅम बसतं. शिवाय प्रत्येक मुळात औषध सारखं नसतं.

चार दिवसात नॉर्मल हेही जमत नाही, पूर्ण असर यायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि काही न घेताही, एकदा धावपळीत मोजलं, नंतर निवांत बसून मोजलं तरी आकडा उतरलेला दिसतो, म्हणून तर औषधाच्या ट्रायलमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात, एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी साधी गोळी, आणि कोणाला काय मिळालं ते पेशंटला आणि मोजणाऱ्यालाही सांगत नाहीत. डॉ. वकिलांच्या कामातही असे गट नव्हते, ते पुढे झालं.

आईची गोळी चालूच आहे. तुमच्या घरी कोणी चूर्ण सुरू केलं असेल तर डॉक्टरांना ते पाकीटच नेऊन दाखवा, गोळी आणि चूर्ण मिळून बीपी आणि नाडी फार खाली जाऊ शकते.