पाण्याला अजून सवय नाही

गेले तीन दिवस मी गॅरेजच्या कोपऱ्यातले पाणी सुपडीने उचलून जाळीत ओततो आहे, आणि ती जाळी बसवण्याचे पूर्ण पैसे मी आधीच मोजून बसलो आहे.

स्कूटर घरातच धुता यावी आणि नाशिकच्या पावसात दाराखालून शिरणारे पाणी आपोआप निघून जावे, एवढ्या माफक हेतूने मी नहाणी ट्रॅप, म्हणजे वर जाळी आणि खाली वाकडा पाइप असलेला पाण्याचा निचरा, बसवून घेतला. फरशी फोडली गेली, पाइप बाहेरच्या चेंबरला जोडला गेला आणि शहाबादी पुन्हा बसली. दहा फुटांत निदान सव्वा इंच ढाळ हवा, हे मी मिस्त्रींना दोनदा सांगितले होते. "ढाळ आपल्या हातात आहे, साहेब," असे त्यांनी दोन्ही वेळा सांगितले होते. पहिली बादली ओतली तेव्हा पाणी जाळीपर्यंत गेले, तिच्या कडेशी क्षणभर घुटमळले आणि वळून माझ्या सुतारकामाच्या टेबलाखाली जाऊन बसले. ट्रॅपचे तोंड फरशीच्या वर बसल्यामुळे जाळी हीच गॅरेजमधली सर्वांत उंच जागा झाली होती.

मिस्त्रींनी जाळीभोवती बोट फिरवले आणि शांतपणे निदान केले, "फरशी नवी आहे, साहेब. पाण्याला अजून सवय नाही."

शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे मी त्यांना मुद्दाम साक्षीला बोलावले होते. त्यांनी मान डोलावली. "खरं आहे. नव्या चारीत पहिलं आवर्तन सोडलं, की पाणी बिचकतंच." मग त्यांनी खिशातून नातवाची गोटी काढून जाळीपाशी ठेवली. ती थेट टेबलाखाली गेली.

"बघा, गोटीसुद्धा बिचकली," मिस्त्री म्हणाले.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तिला कोणी सवय लावली होती, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. काकांनी चहाचा घोट घेतला. चहा अर्थातच माझा होता. "तिला किती युगं मिळाली! तुम्ही एका बादलीत निकाल मागता."

मिस्त्री आता फोन उचलत नाहीत. ट्रॅपच्या वाकात दोनेक इंच पाणी उभे असेल, तरच गटाराचा वास आणि झुरळे अडतात. आमच्याकडे तिथे स्वतःहून थेंबही पोहोचत नसल्याने पहिल्याच रात्री झुरळे आली, आणि त्यांना मात्र ढाळाची काहीच अडचण आली नाही. म्हणून ही सुपडी.

आज सकाळी काका फाटकाशी थांबून माझे ओतणे बराच वेळ निरखत होते.

"रोज याच वेळी ओतत जा," ते म्हणाले, "म्हणजे लवकर वळण लागेल."