पनीर कोल्हापुरी खाऊन आलेली चार पोरं

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक टाकून पुढं जावं.

दुपारी भाच्याला घेऊन कोल्हापुरातल्या आमच्या शाहू स्टेडियमवर गेले होते, चारच्या फुटबॉल मॅचला. कुठल्या टीमला ओरडायला ते इथं सांगायची गरज नाही, माझ्या वॉलवर त्यावरून पुरेशी भांडणं झालीत. शेजारी चार अनोळखी पोरं. हलगी वाजली की उड्या मारायची, पण टीमची नावं विचारत होती. केरळातल्या मलप्पुरमची निघाली. पुण्यात आयटीत आहेत. पेठांच्या गर्दीचे, मेस्सी-नेमारच्या कटआउटचे व्हिडिओ पाहून 'आपल्यासारखीच येडी माणसं आहेत ही' म्हणून रात्रीच्या गाडीनं आली. त्यांच्याकडं सेव्हन्स फुटबॉल चालतं, सात-सात जणांचं. शेतात तात्पुरती गॅलरी बांधून गाव लोटतं म्हणे. म्हणजे आपलीच जात.

हाफटाइमला सवयीनं विचारलं, 'खाना खाया क्या?' त्यातल्या एकानं तोंड वाकडं करून मोबाइलवर फोटो दाखवला. हायवेवरचं एक मोठं हॉटेल, दारात फेट्यातला पुतळा. ताटात पनीर कोल्हापुरी. शेजारी 'तांबडा' म्हणून एक लालभडक वाटी, ज्यात रंगाशिवाय काही नव्हतं आणि 'पांढरा' म्हणून कॉर्नफ्लॉवरची खळ. पोरगं पोट चोळत म्हणालं, 'चेची (त्यांच्याकडं ताईला म्हणतात), बहुत स्पायसी, लेकिन कोल्हापुर है ना.'

कोल्हापुर है ना! म्हणजे पोटात जाळ झाला तर तो आमच्याच नावावर.

अरे, पनीर कोल्हापुरी नावाची भाजी कोल्हापुरात कुणाच्या घरी शिजते ते मला एकदा दाखवा. माझ्या आजीनं आयुष्यात पनीर पाहिलं नाही. पांढऱ्या रश्श्यात लाल तिखटाचा कण नसतो हो. मटणाचं आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला. वाटीनं प्यायचा, दुसरी वाटी मागून प्यायचा. तांबडा झणझणीत असतो, मान्य. पण त्याला मटणाच्या आळणीची चव असते, नुसता जाळ नसतो. आणि त्या पोरांना तिथं पाठवलं कुणी? एका रीलवाल्यानं. 'फुटबॉल फॅन्ससाठी कोल्हापूर एका दिवसात.' नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात नको. त्या रीलमध्ये स्टेडियमपासून चालत पाच-दहा मिनिटांवरचं एकही ठिकाण नाही. मग पोरांना रिक्षावाल्यानं दिवसभर फिरवलं आणि किती घेतले ते ऐकून भाचासुद्धा गप्प झाला.

मला लगेच गोव्यातलं मडगाव आठवलं. जुन्या मित्रमंडळींनी हे दहादा ऐकलंय, अकराव्यांदा ऐका.

२० डिसेंबर २०१५. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, मडगावातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. मी, दादा आणि त्याचे दोन मित्र. जुनी ओम्नी घेऊन आजऱ्यावरून आंबोली उतरून गेलो. खरं तर ब्राझीलचा जुना स्टार झिको दिसेल म्हणून गेलो होतो, तो तेव्हा गोव्याचा कोच. ८७व्या मिनिटाला गोव्यानं २-१ केलं आणि अख्खं स्टेडियम उठलं. शेजारच्या काकांनी मला मिठीच मारली. नंतर पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले. ३-२. एवढी माणसं एका दमात गप्प झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

बाहेर आलो तर अकरा वाजत आलेले, पोटात काही नाही. एका गाड्यावर साठीच्या एक बाई झाकाझाक करत होत्या. डोळे लाल. त्यांनी विचारलं कुठून आलात, आम्ही कोल्हापूर सांगितलं. त्यांनी 'म्हालक्ष्मी!' म्हणून हात जोडले आणि विझवलेला स्टोव्ह परत पेटवला. पुढचं मी शेवटाकडं सांगते, आधी इथला राग संपवू द्या.

तर रीलवाल्या भावा, तू काय सांगायला हवं होतंस ते ऐक.

पहिलं, मिसळ सकाळी खायची. कोल्हापूरची मिसळ हा सकाळचा विषय आहे. दुपारी दोनला मिळाली तर ती शिळ्या तेलाची, असं समजायचं. पावाबरोबर नाही, ब्रेडच्या स्लाइसबरोबर. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यायचा, म्हणजे पाहुण्याचा जीव जात नाही. मिसळ फडतरेंची की चोरगेंची की बावड्याची यावर भांडणं होतात, ती कॉमेंटमध्ये करू नका, मी उत्तर देणार नाही.

दुसरं, मॅचच्या आधी खासबाग. शाहू महाराजांनी युरोपातली आखाडे-मैदानं पाहून बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२चं. मधे लाल मातीचा हौदा, भोवतीनं चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, पैलवान दिसतो. आपल्या टीमच्या नावात 'तालीम' का आहे हे त्या मलप्पुरमच्या पोरांना तिथं उभं करूनच सांगता येतं. ज्या तालमीत पोरं जोर-बैठका मारायची त्याच तालमीतून टीम उभी राहिली. खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, पाटाकडील तालीम, नावं ऐकून पोरं म्हणाली, 'क्लब के नाम में जिम?' हो बाबांनो, जिमच. तिथंच बाहेर भेळ खायची. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४मध्ये जळालं. त्याबद्दल अजून नीट लिहवत नाही, सोडा.

आणि साठमारी! स्टेडियमला चिकटून आहे. संस्थानच्या काळात जिथं माणसं हत्तीला डिवचून खेळवायची ती जागा. चिडलेल्या हत्तीपासून जीव वाचवायला आत शिरायचे ते दगडी बुरूज अजून आहेत. आपण तिथं काय करतो? गाड्या लावतो. मीही आज तिथंच स्कूटी लावली होती, म्हणून जास्त बोलत नाही.

संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार समोर, ग्लासात फेस वर येतो, तोंडाला मिशी येते. मॅच हरलेला माणूस तिथं थोडा तरी शांत होतो, हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव. जिंकलेला माणूस दोन ग्लास पितो.

रंकाळा, पन्हाळा, अंबाबाई सगळ्यांना माहीत आहेत, रीलमध्येही होतं. फक्त एवढंच, की जानेवारीअखेर मॅचला येणारा असेल तर त्याला किरणोत्सवाचं सांगा. मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत जातात, ते पाहायला आपल्याच शहरातली निम्मी माणसं कधी गेलेली नाहीत. चपला चप्पल लाइनीतच घ्यायच्या, पायात घालून करकर वाजवून बघायच्या. मिलानच्या रॅम्पवर आल्या म्हणून नव्हे.

आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, ताई, आधी स्टेडियममधली दगडफेक थांबवा, मग पाहुणे बोलवा. बरोबर आहे. आपण गॅलरीत काय बोलतो ते भाच्याच्या कानावर हात ठेवून ऐकावं लागतं. झालं? मान्य केलं. आणि हॉटेलवाल्यालाही धंदा करायचाय, हेही मान्य. पण धंदा करताना निदान कॉर्नफ्लॉवर तरी घालू नका हो, देवाची शपथ.

लिहिता लिहिता राग निम्मा उतरला. मडगावच्या बाईंमुळं असेल.

त्यांनी चौघांना रोस ऑम्लेट केलं. म्हणजे ऑम्लेटवर चिकन शाकुतीचा रस, वर कांदा, लिंबू, बरोबर पाव. रस थोडाच उरला होता. तो त्यांनी पातेलं वाकडं करून, पळीनं कडा खरवडून चार ताटलीत सारखा वाटला. दादाच्या मित्राला कमी पडला असं वाटून स्वतःसाठी झाकून ठेवलेला डबा उघडला. 'बस रे पुता,' एवढंच. मला म्हणाल्या, एवढ्या रात्री गाडी घेऊन निघू नका. त्यांच्या ओळखीच्या घरातली खोली मिळवून दिली. सकाळी पातळभाजी-पाव कुठं खायचा, होली स्पिरिट चर्चच्या चौकातून पुढं कुठं वळायचं, ते बिलाच्या मागं पेननं काढून दिलं. दुसऱ्या खेपेच्या पावांचे पैसे घेतले नाहीत. आणि त्यांची टीम त्याच रात्री, घरच्या मैदानावर, शेवटच्या मिनिटाला हरली होती!

तो कागद माझ्याकडं अजून आहे. तेलाचा डाग पडलाय, रस्ता पुसट झालाय.

म्हणून त्या पोराच्या मोबाइलवरचा लाल वाटीचा फोटो बघून मला लाज वाटली. रील बनवणाऱ्याची नाही, माझीच. माझ्या गॅलरीत दरवर्षी चार अनोळखी माणसं येऊन बसतात. मी त्यांना स्कोअर सांगते, ऑफसाइड का दिला ते सांगते. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या गावचा, हे तर न विचारता सांगते. कुठं जेवणार हे दहा वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं, तेही उशिरा.

मॅच संपल्यावर चौघांना दूध कट्ट्यावर नेलं. एकानं ग्लास संपवून म्हशीला हात जोडले. मग रात्री खानावळीत नेणार होते, तोवर आईचा फोन. सगळं ऐकून म्हणाली, 'पोटात जाळ झालेल्या पोरांना बाहेर कशाला नेतीस? आण घरी, पांढरा करते.' तर आत्ता चौघं आमच्या हॉलमध्ये बसलीत. तिसरी वाटी चालू आहे. त्यातला एक आईला नारळाचं दूध कसं काढायचं ते मल्याळममध्ये समजावतोय आणि आई मराठीत त्याच्या चुका काढतीय.

उद्या रविवार, त्यांची गाडी रात्री आहे. सकाळी साडेसातला मिसळ, नंतर पन्हाळा. तीन दरवाजा आणि अंबरखाना दाखवायचाच, दुपारी तिथंच झुणका-भाकर. वीस किलोमीटर आहे, रिक्षा करणार नाही. माझी स्कूटी आणि दादाची बाइक धरून सहाजण बसत नाहीत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, कुणीही चालेल, कुठल्याही टीमचं असलं तरी. एक बाइक आणि दोन हेल्मेटं हवीत. सकाळी साडेसहाच्या आत मेसेज करा, पेट्रोल मी घालते.