प्याला आणि कौल

परवा एका ग्रुपवर युरोपच्या मध्ययुगाचा विषय निघाला. एकाने लिहिलं, "वाइनच्या घोटासाठी एकमेकांच्या जिवावर उठणारे लोक ते, त्यांच्याकडून काय शिकायचं?" मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. तिथे मावेना, म्हणून इथे लिहितेय.

तो बोलत होता ते बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या हुसाइट लोकांबद्दल, म्हणजे यान हुस या धर्मगुरूच्या अनुयायांबद्दल. वाइनसाठी लढले हे खरंच आहे. पण ती वाइन म्हणजे काय होतं, ते आधी बघू या.

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर देतात आणि रक्त म्हणून द्राक्षारसाचा प्याला. सुरुवातीची हजारभर वर्षं दोन्ही सगळ्यांना मिळायचं. मग बाराव्या-तेराव्या शतकात हळूहळू प्याला फक्त धर्मगुरूंपुरता उरला. कारणं दिली गेली: थेंब सांडला तर विटंबना होईल, आणि भाकरीत पूर्ण ख्रिस्त असतोच. शास्त्र म्हणून त्यात खोट काढता येणार नाही. पण वेदीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय दिसत होतं? एकाच छपराखाली दोन पंगती, आणि आपली पंगत खालची. पंगतीचा अपमान काय असतो हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

प्रागमध्ये 1391 साली बेथलेहेम चॅपल उभं राहिलं. अट एकच, प्रवचन चेक भाषेत झालं पाहिजे. सुमारे तीन हजार माणसं मावतील एवढी ती वास्तू. 1402 पासून तिथे यान हुस बोलायला लागला. गरीब घरचा, विद्यापीठात शिकलेला. चर्चवर टीका करणाऱ्या इंग्लंडच्या जॉन विक्लिफचं लेखन वाचून हलून गेलेला, पण सगळंच्या सगळं न स्वीकारणारा. त्या काळात चर्चची अवस्था अशी की 1409 नंतर एकाच वेळी तीन पोप होते आणि तिघंही एकमेकांना बहिष्कृत करत होते. सामान्य माणसाने मरताना कुणाच्या नावाने क्षमा मागायची?

1412 मध्ये त्यातल्याच एका पोपने, तेविसाव्या जॉनने, नेपल्सच्या राजाविरुद्ध युद्धाला पैसा हवा म्हणून पापमुक्तीची पत्रं विकायला काढली. हुसने भर प्रवचनात विरोध केला. बोहेमियाच्या राजाला त्या विक्रीत वाटा मिळणार होता, त्यामुळे राजाचा आधारही सुटला. चर्चमध्ये उठून विरोध करणाऱ्या तीन तरुणांची डोकी उडवली गेली. लोकांनी त्यांची प्रेतं मिरवणुकीने बेथलेहेम चॅपलमध्ये आणून पुरली. मग हुस शहरात असेपर्यंत प्रागमधले धार्मिक विधी बंद करण्याचा हुकूम आला. मिस्सा नाही, दफनाचे विधी नाहीत. एका माणसाला गप्प करायला अख्ख्या शहराच्या मयतांना वेठीला धरलं. शेवटी हुस स्वतःच शहर सोडून गेला आणि दक्षिण बोहेमियात, गावोगावच्या लोकांपुढे उघड्यावर बोलत राहिला.

आता कॉन्स्टन्सची महासभा, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या त्या शहरात भरलेली चर्चच्या धुरिणांची सभा. इथेच मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, कारण ही सभा वाईट माणसांची नव्हती. तीन पोपांचा घोळ संपवायला ती भरली होती आणि तिने तो संपवलासुद्धा. एप्रिल 1415 मध्ये तिने ठराव केला की महासभेचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून आलेला आहे, पोपनेही तो मानला पाहिजे. त्या काळात केवढं धाडस होतं हे! त्या खुर्च्यांवर पिएर दाय्यी आणि जाँ जेर्सोंसारखे त्या पिढीतले सुधारणेची बाजू घेणारे विद्वान होते. पोपला उत्तर द्यायला लावणाऱ्या याच लोकांनी हुसला जाळलं.

हुस तिथे आला तो कौल घेऊन. जर्मनीच्या राजाने, सिगिस्मुंडने, त्याला जाण्या-येण्याचं अभयपत्र दिलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो पोहोचला आणि महिना संपायच्या आत कैद झाला. तळ्यातल्या बेटावर डोमिनिकन मठ होता, तिथे शौचकूपाच्या शेजारच्या कोठडीत त्याला ठेवलं. तो तापाने मरायला टेकला. सिगिस्मुंड आधी चिडला, पण सभाच मोडेल अशी भीती घातल्यावर गप्प बसला. पाखंड्याला दिलेला शब्द पाळायचं बंधन नाही, असा युक्तिवाद पुढे आला.

सुनावणीत त्याच्यापुढे वाक्यांची यादी ठेवली, ही सोडून दे म्हणून. तो म्हणाला, शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, चूक दाखवा, लगेच सोडतो. पण यातली काही वाक्यं मी कधी बोललोच नाही, ती 'सोडली' म्हटलं तर देवापुढे खोटं बोलल्यासारखं होईल. कैदेतल्या एका पत्रात त्याने लिहिलंय की एका विद्वानाने त्याला समजावलं, तुला दोन डोळे असले तरी महासभा म्हणाली एकच आहे, तर हो म्हणावं. त्या विद्वानाचा हेतू बहुतेक चांगला होता, त्याला याचा जीव वाचवायचा होता. ते वाचल्यापासून मला हुसची बाजू सोडवत नाही.

6 जुलै 1415. कॅथेड्रलमध्ये त्याला धर्मगुरूचे कपडे घातले, हातात प्याला दिला आणि मग विधीपूर्वक तो काढून घेतला. डोक्यावर सैतानांची चित्रं काढलेली कागदी टोपी घातली. मग जाळलं आणि राख ऱ्हाइनमध्ये टाकली, म्हणजे कुणी अवशेष पुजायला नको. जवळच्या गॉटलीबेन किल्ल्यात हुस काही काळ कैद होता. पदच्युत केलेल्या तेविसाव्या जॉनलाही तिथेच ठेवलं होतं. तो पुढे सुटला, पुन्हा कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, झाला, आणि फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहात त्याची देखणी समाधी आहे.

मी कॉन्स्टन्सला गेले होते. शहराच्या जुन्या भागाबाहेर एक मोठा काळसर दगड आहे, 1862 साली बसवलेला. एका बाजूला हुसचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचा मित्र हिएरोनिमसचं, ज्याला पुढच्याच वर्षी जाळलं. कडेने वेल चढलेली. बाजूने सायकली जात होत्या. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

सामान्य लोकांना प्याला देणं प्रागमध्ये 1414 च्या शरदात सुरू झालं होतं, याकोबेक नावाच्या धर्मगुरूने केलं ते, हुसने नाही. हुसला जाळायच्या तीन आठवडे आधी महासभेने प्याल्यावर बंदी घातली. त्यामुळे बोहेमियात प्याला आणि हुस एकच झाले. 452 सरदारांनी आपले शिक्के लावून निषेध पाठवला. 1419 मध्ये राजा वारला आणि गादीवर हक्क सांगत आला त्याचा भाऊ. कोण? सिगिस्मुंड, कौल मोडणारा तोच. लोकांनी दार लावून घेतलं. त्याला प्रागने राजा म्हणून स्वीकारलं 1436 मध्ये, आणि पुढच्या वर्षी तो वारला. मधल्या काळात पाच धर्मयुद्धं बोहेमियावर चालून आली. हुसाइटांचा सेनापती यान झिश्का याने शेतकऱ्यांच्या गाड्या साखळीने बांधून त्यांचे कोट केले आणि कणसं झोडायच्या काठ्यांना खिळे ठोकून शूर सरदारांना परतवलं.

मी त्यांना संत मानत नाही. हुसाइटांनी वसवलेल्या ताबोरला लोक आपलं सगळं किडूकमिडूक सामायिक पिंपात टाकायचे, पण वर्ष सरायच्या आत तिथेही शेतकऱ्यांकडून खंड वसूल व्हायला लागला. आपल्यातल्याच वेगळं बोलणाऱ्यांना त्यांनीही जाळलं. 1434 मध्ये लिपानीच्या लढाईत तर हुसाइटांनीच हुसाइटांना मारलं, आणि शरण आलेल्यांना कोठारांत कोंडून आग लावली. हे लपवून कुणाची बाजू घेता येत नाही.

पण ग्रुपवरच्या त्या माणसाने ज्याला वाइनच्या घोटासाठीचं भांडण म्हटलं, त्याच्या पुढची गोष्ट त्याला ठाऊक नसावी. 1431 ला दोमाझलित्से इथे शेवटची धर्मसेना हुसाइटांची नुसती चाहूल लागताच पळाली. तिच्यासोबत आलेला कार्डिनल चेझारिनी आपली कार्डिनलची टोपी आणि झगा टाकून निसटला. तोच माणूस आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला भरलेल्या नव्या महासभेचा अध्यक्ष झाला आणि म्हणाला, यांना बोलवा, यांच्याशी बोला. 1432 मध्ये खेब गावी दोन्ही बाजूंनी अटी लिहून काढल्या: वादात निवाडा करेल ते शास्त्र, ख्रिस्त आणि प्रेषितांचं आचरण, आणि सुरुवातीचं चर्च. हुस नेमकं हेच मागत होता. पुढच्या वर्षी पाखंडी ठरवलेली माणसं कौल घेऊन बाझेलला गेली, तीन महिने वाद घातला आणि सुखरूप घरी परतली. 1436 मध्ये करार होऊन प्याला मान्य झाला.

एका पोपने 1462 मध्ये तो करार रद्द केला, तरी लोकांनी प्याला सोडला नाही. 1485 साली कुटना होराला देशाच्या सभेने ठरवलं की कॅथलिक आणि प्यालेवाले दोघेही कायद्यापुढे सारखे, आणि कुळाने कुठल्या मिस्साला जायचं ते जमीनमालकाने ठरवायचं नाही. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर तेव्हा सव्वा वर्षाचा होता. कुटना होराचा हा करार 31 वर्षांसाठी होता. ती मुदत संपायच्या आधीच, 1512 मध्ये, त्यांनी तो कायमचा केला.