‘खराब हवामान हे निव्वळ निमित्त’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दर पावसाळ्यात आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : बाहेर ऊन असताना विमान कंपनी ‘खराब हवामान’ सांगत असेल, तर ती खोटे बोलते, आजची विमाने कोणत्याही हवेत उडतात, शेजारच्या कंपनीचे विमान उतरले, तर तुमचेही उतरू शकले असते, आणि हवामानाचे कारण एकदा लागले की तिकिटाचे पैसे बुडालेच, म्हणून वेळीच ॲपवरून स्वतः तिकीट रद्द करून मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. यातला शेवटचा सल्ला लोकांचे खरोखर नुकसान करतो आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा उन्हाचा. जानेवारीत सकाळी दहा वाजता लोहगावला लख्ख ऊन असते, हे खरेच. पण तुम्हाला नेणारे विमान त्या वेळी पुण्यात नसते. ते दिल्लीच्या धुक्यात अडकलेले असते. एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरांच्या फेऱ्या करते, त्यामुळे पहाटेचा उशीर संध्याकाळपर्यंत प्रत्येक फेरीला चिकटत जातो. शिवाय वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांनी सलग किती तास काम करावे याला कायद्याने मर्यादा आहे. धुके विरेपर्यंत ते तास संपले, तर हवा स्वच्छ होऊनही विमान हलत नाही, कारण दुसरे कर्मचारी बोलवावे लागतात. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये, असे आपल्यापैकी प्रत्येकालाच वाटेल.

‘कोणत्याही हवेत उडतात’ हे विधान तर अर्धवट माहितीवर उभे आहे. दिल्लीला धावपट्टीवरील दृश्यमानता ५० मीटरपर्यंत घसरली तरी विमान उतरवता येते, पण त्यासाठी धावपट्टीवर तशी यंत्रणा, विमानात तशी उपकरणे आणि वैमानिकाकडे त्याचे खास प्रशिक्षण, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. उड्डाणासाठी मात्र साधारण १२५ मीटर लागतात. म्हणजे उतरलेले विमान तिथेच अडकून पडू शकते. मुंबईची अडचण निराळी आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मुसळधार पावसात दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागले की आकाशात घिरट्या सुरू होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा विमानतळच बंद पडला होता. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात उतरणारे एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांत कित्येक प्रवाशांनी कोरड्या आकाशाखाली ‘निमित्त’ हाच शब्द उच्चारला असेल. जवळपास विजा चमकत असल्या की इंधन भरणारे आणि सामान चढवणारे कामगार आत घेतले जातात, हे खिडकीतून पाहणाऱ्याला कळतही नाही.

‘त्यांचे उतरले, आमचे का नाही?’ दोन विमानांच्या मधल्या दहा मिनिटांत पाऊस आणि वारा दोन्ही पालटतात. शिल्लक इंधन, उपकरणे आणि वैमानिकाची पात्रताही सारखी नसते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला भर पावसात, पहिला प्रयत्न सोडून दिल्यावर, पाठीमागून वारा असताना विमान पुन्हा उतरवले गेले. ते डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे कोसळले आणि २१ माणसे गेली. आपले विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला वळवले गेले म्हणून चिडताना हे आठवावे.

कंपन्यांची बाजू सर्वस्वी निर्मळ आहे, असे मी म्हणत नाही. ‘खराब हवामान’ एवढेच सांगून, ते कोणत्या शहरातले आणि आपले विमान सध्या कुठे आहे हे न सांगणे ही प्रवाशांची फसगतच आहे. हे दोन प्रश्न काउंटरवर जरूर विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावेत.

आता पैशांचा मुद्दा. आमच्या इमारतीतले एक निवृत्त काका-काकू गेल्या हिवाळ्यात नातीच्या बारशाला दिल्लीला निघाले होते. फलकावर चार तासांचा उशीर दिसला, त्यातच हा संदेश आला, आणि काकांनी बसल्या जागी ॲपवरून तिकिटे रद्द केली. अर्ध्या तासाने कंपनीने ते उड्डाणच रद्द केले. काकूंनी मला फोन दाखवला, तेव्हा परताव्याच्या रकान्यात कर वगळता जवळपास काहीच नव्हते.

संदेशाने इथे परतावा आणि नुकसानभरपाई यांची गल्लत केली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार उड्डाण कंपनीने रद्द केले, तर प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मिळतो. कारण हवामानाचे असले तरीही. हवामानामुळे हुकते ती त्यावरची भरपाई, जी उड्डाणाच्या कालावधीनुसार कमाल ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये असते. प्रवाशाने स्वतः आधी तिकीट रद्द केले, की तो कंपनीच्या नियमांत अडकतो आणि रद्द करण्याचे शुल्क त्याच्याच माथी बसते. म्हणून कंपनीचा रद्द झाल्याचा संदेश येईपर्यंत तिकिटाला हात लावू नये, आणि तो आला की त्याचा स्क्रीनशॉट ठेवून मगच पर्याय निवडावा.

काका-काकूंनी दुसऱ्या दिवसाची तिकिटे पुन्हा पदरमोड करून काढली. त्याच विमानात आदल्या दिवशी त्यांच्या शेजारी ताटकळलेले एक कुटुंब बसले होते. त्यांना एक रुपयाही जादा द्यावा लागला नव्हता.