"गहाळ" नाही हो, चोरी!

बॅगेला ब्लेड मारलेलं उघड दिसतंय. आतली चेन फाडून फोन काढलाय. ती बॅग पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवली तरी पहिलं वाक्य ठरलेलं: "गर्दीत पडला असेल कुठेतरी. गहाळची नोंद करून टाका, लगेच दाखला मिळेल." ब्लेड काय आपोआप चालतं का? फोन पडताना बॅग कापून पडतो का? वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि लोक मुकाट्याने सही करून घरी जातायत, याचा खरंच संताप येतो.

गहाळ म्हणजे मालकाच्या निष्काळजीपणाने वस्तू हरवली. चोरी म्हणजे कुणीतरी ती नेली. गहाळच्या दाखल्यावर गुन्हा क्रमांक नसतो, कलम नसतं, तपास अधिकारी नसतो. म्हणजे उद्या कुणाला जाब विचारायची सोयच नाही. मोबाइलचा विमा असेल तर तोही बुडाला, कारण बहुतेक पॉलिसी चोरीला संरक्षण देतात, हरवण्याला नाही. तुमच्याच सहीचा "गहाळ" लिहिलेला कागद पाहिला की क्लेम नाकारायला विमा कंपनीला दुसरं कारण लागत नाही. फोन गेला, विमा गेला, हप्ते मात्र चालूच.

लोक फसतात ते इथे: सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायला गहाळचा दाखला चालतो. आयएमईआय क्रमांक (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक), दाखल्याची प्रत आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिमकार्ड, एवढं असलं की काम होतं. माणसाला वाटतं, झालं की सगळं. अहो, फोन ब्लॉक होणं वेगळं आणि चोराचा तपास होणं वेगळं! ब्लॉक जरूर करा, पण त्यासाठी चोरीला हरवणं म्हणायची काहीएक गरज नाही. एफआयआरच्या प्रतीवरही ब्लॉक होतोच.

हे का करतात तेही सांगतो. गुन्हा नोंदवला की घटनास्थळाचा पंचनामा आला, जबाब आले, फुटेज मागवणं आलं, केस डायरी आली. आरोपी सापडला नाही तर कोर्टात "अ" समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवाल, पाठवणं आलं. वर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये साहेब विचारणार, तुमच्या हद्दीत चोऱ्या इतक्या का वाढल्या आणि उघडकीला का येत नाहीत? मग सोपा मार्ग कोणता, तर चोरी कागदावर येऊच द्यायची नाही. खात्यात याला "बर्किंग" म्हणतात. शब्द तयार आहे म्हणजे पद्धत किती मुरलेली आहे बघा. ठाण्यात मनुष्यबळ कमी आहे, बारा-बारा तास ड्युटी आणि वर बंदोबस्त आहे, हे खरं आहे आणि ते वाईटच आहे. पण त्याची किंमत फिर्यादीने का मोजायची?

आणि ते हद्दीचं पालुपद! जिन्यावर चोरी झाली तर शहर पोलीस, फलाटावर झाली तर लोहमार्ग पोलीस, चालत्या गाडीत झाली तर "गाडी तेव्हा कुठे होती?" कल्याणवाले ठाण्याला पाठवणार, ठाण्याचे दादरला. कामावरची रजा टाकून आलेला माणूस तिसऱ्या ठाण्यात पोचेपर्यंत थकतो, आणि हेच हवं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्वच्छ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यायचीच. शून्य क्रमांकाने नोंदवा आणि ज्यांची हद्द असेल त्या ठाण्याकडे तुमचं तुम्ही पाठवा. फिर्यादीला एफआयआरची प्रतही फुकट द्यायची आहे.

"आधी चौकशी करू, मग बघू" हेही ऐकवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे, आणि चोरी त्यात बसते. पण त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते. टेबलावरच्या हवालदाराने तोंडी म्हणून चालत नाही. परवानगी कुणी आणि कधी दिली, हे विचारा.

किमतीचं नीट सांभाळा. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र धरता येते, म्हणजे एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) देऊन मोकळे. "जुना फोन आहे, चार हजार लिहा" याला मान डोलावू नका, बिल जोडा. आणि हातातून हिसकावून नेला असेल तर "हिसकावला" हाच शब्द लिहा. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी वेगळं कलम आहे, ३०४.

तोंडी भांडत बसू नका. अर्ज घरूनच दोन प्रतींत लिहून न्या: तारीख, वेळ, ठिकाण, आयएमईआय, किंमत, आणि "चोरी" हा शब्द पहिल्याच ओळीत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घ्या. इथेच सगळ्यात जास्त टोलवाटोलवी होते. "साहेब राऊंडला गेलेत, अर्ज ठेवून जा." पोच मिळाल्याशिवाय ठेवू नका! नाहीच दिली तर समोरच्याचं नाव, बक्कल नंबर आणि वेळ टिपून घ्या. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आयुक्तालय असेल तर परिमंडळाच्या उपायुक्तांना. पावती जपा, कारण तिथेही काही हललं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाताना आधी वर कळवल्याचा पुरावा लागतो.

वागणुकीचं काय बोलावं! वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे. "एवढा महागडा फोन घेऊन गर्दीत कशाला फिरता?" चोराला विचारायचे प्रश्न फिर्यादीला. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी आदेश दिलाय की प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, निदान वर्षभर तरी, जपायला हवं. शिवीगाळ झाली असेल तर तारीख-वेळ देऊन ते फुटेज राखून ठेवा असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात करा. नंतर "कॅमेरा बंद होता" म्हणाले, तर तेही लेखी मागा. गंभीर प्रकार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. अशी प्राधिकरणं नेमा असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंह प्रकरणातला निकाल २००६ चा, महाराष्ट्राने कायद्यात ही तरतूद केली २०१४ मध्ये. आठ वर्षं! आणि आजही किती ठाण्यांत त्याचा पत्ता दर्शनी भागात लावलेला दिसतो?

छापील फॉर्म पुढे सरकवला तर घाईने सही करू नका. "गहाळ" शब्दावर काट मारा, वर "चोरी" लिहा, शेजारी सही करा आणि मगच कागद परत द्या. घेत नसतील तर उठा, स्पीड पोस्टाची खिडकी गाठा.