दिसत नाही त्याची मनधरणी

साधा एलईडी बिघडला तर निदान तोंडावर सांगतो. आयआर (इन्फ्रारेड) एलईडी चालू असला तरी मख्ख, बंद असला तरी मख्ख. त्याचा 940 नॅनोमीटरचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून सेन्सर गप्प बसला की माझा संशय आधी कोडवर, मग वायरींवर, मग ब्रेडबोर्डवर जातो. एलईडी उलटा खोचलाय, हे सगळ्यात शेवटी सुचतं.

मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर रोखावा. जांभळट ठिपका दिसला तर जीव आहे. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा आयआर अडवणारा फिल्टर असतो, तेव्हा पुढच्यात बघितल्याशिवाय सुतक पाळू नये. 5 व्होल्टवर 220 ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण 17 मिलिअँप जातात. रेझिस्टर विसरलात तर एलईडी जळतो, आणि जळलेलाही तसाच दिसतो.

वस्तूवर आपटून परतलेला हा उजेड टिपतो फोटोडायोड, त्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो मुद्दाम उलटा लावायचा: कॅथोड 5 व्होल्टला, अ‍ॅनोड 10 किलोओहममधून ग्राउंडला, आणि त्या जोडावरून रीडिंग. तयार मॉड्यूलवर एलएम393 असतो, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करून हो-नाही सांगणारी चिप. वस्तू समोर आली की बहुतेक मॉड्यूलांचं आउटपुट लो होतं, म्हणजे स्वारी ‘नाही’ म्हणाली की ‘हो’ समजायचं. प्रीसेटचा (तुलनेची पातळी ठरवणारा) स्क्रू केसभर फिरवत रात्री अगदी नेमकं अंतर जमवावं, तर सकाळी खिडकीतून ऊन येतं आणि सेन्सरला रिकाम्या जागेत वस्तू दिसू लागतात. उन्हात आयआर भरपूर. उपाय एकच: एलईडी बंद ठेवून एक रीडिंग, चालू करून दुसरं, आणि वजाबाकी. थेट ऊन पडलं तर दोन्ही रीडिंग 1023 ला (आर्डुइनोच्या रीडिंगची कमाल) टेकतात आणि वजाबाकी शून्य. मग 10 किलोओहमच्या जागी 1 किलोओहम लावा, फोटोडायोडला काळी नळी घाला.

काळ्या रंगावरही भिस्त नको. लाइन फॉलोअरसाठी, म्हणजे रेघ धरून चालणाऱ्या गाडीसाठी, मार्करने ठसठशीत रेघ ओढावी, आणि गाडीने ती ओलांडून सरळ भिंत गाठावी! कित्येक शाया आयआरला चक्क पारदर्शक असतात. काळी इन्सुलेशन टेप बरी.

रिमोटचे इशारे पकडणारा टीसॉप1738 रिसीव्हर 38 किलोहर्ट्झचे तुटक झटके ऐकतो. अखंड सूर लावला की त्याला गोंगाट समजून कान झाकून घेतो. त्याचे पाय ओळीने ग्राउंड, व्होल्ट, आउटपुट. टीसॉप38238 चे मात्र आउटपुट, ग्राउंड, व्होल्ट. दिसायला भाऊ भाऊ. एकाच्या जागी दुसरा खोचला की तापू शकतो. सगळ्या खटाटोपात इन्फ्रारेड बोटाला जाणवतं ते तेवढंच.